ज्याला काही काम नाही, त्यालाही आत येता यावे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दाट वस्तीत, कोपऱ्यावरचा सुमारे १,२०० चौरस मीटरचा भूखंड सामुदायिक कला केंद्रासाठी तुमच्या संस्थेच्या हाती आला आहे. त्यावर एक बंद पडलेले जुने गोदाम उभे आहे. एका बाजूला वर्दळीचा रस्ता व बसथांबा आहे, दुसऱ्या बाजूला अरुंद गल्ली आहे. गोदाम पाडून तीन मजली इमारत बांधावी, तळमजल्यावर काचेच्या दर्शनी भागामागे स्वागतकक्ष आणि कलादालन ठेवावे, कार्यशाळा वरच्या मजल्यांवर न्याव्यात, असा आराखडा तुमच्यासमोर आहे. तरीही परिसरातल्या सामान्य माणसाला ही जागा आपली वाटेल का, ही शंका तुमच्या मनातून जात नाही. ती शंका रास्त आहे, आणि बांधकाम सुरू होण्याआधी ती आली हे फार चांगले झाले.

माझे मत आधी सांगतो. सामुदायिक कलाजागा आपुलकीची आहे की नाही, हे ठरते ते ज्याला तिथे काही काम नाही, ज्याने शाळा सुटल्यापासून कुंचला हातात धरलेला नाही आणि ज्याला पैसे खर्चायचे नाहीत, अशा माणसाला कोणी न हटकता किती आत येता येते आणि किती वेळ थांबता येते यावर. ज्याला चित्र काढायचेच आहे तो गळक्या पत्र्याखालीही जाऊन बसेल. त्याची काळजी करू नका. नकाशा तपासायचा तो या बिनकामाच्या माणसाच्या पावलांनी.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून झालेल्या एका केंद्रात मुख्य दरवाजासमोर, अगदी मधोमध, मी स्वागताचे टेबल ठेवले होते. आलेल्या माणसाची कोणीतरी आपुलकीने चौकशी करावी एवढाच हेतू होता. उद्घाटनानंतर आठवड्याभराने मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून पाहत होतो. एक बाई लहान मुलाला घेऊन आली. मुलाने काचेला नाक लावले. आत कुंभाराच्या चाकावर वर चढणाऱ्या मातीवरून त्याची नजर हटेना. बाईने दरवाजा अर्धा ढकलला. टेबलामागच्या मुलीने मान वर करून, अगदी सौजन्याने, ‘आपल्याला काय हवे आहे?’ असे विचारले. ‘काही नाही, सहज,’ असे म्हणून बाई वळली आणि मुलाला ओढत निघून गेली. त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण तिला हवे असे काहीच नव्हते. तिला नुसते पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही ते टेबल दरवाजापासून सहा-सात मीटर आत, एका बाजूला भिंतीला लावले, आणि दरवाजालगत मातीकामाचे लांब टेबल व दोन बाकडी आणली. कर्मचारी तेच होते, त्यांचे बोलणेही तेच होते. पण ‘सहज’ आलेली माणसे आता आधी टेबलाशी रेंगाळत आणि विचारायचे ते मग विचारत.

म्हणून पहिली दुरुस्ती रस्त्याच्या कडेला करा. इमारत थेट हद्दीपर्यंत न आणता बसथांब्याच्या बाजूला तीन ते साडेतीन मीटर रुंदीची पडवी सोडा. वर छप्पर असावे, फुटपाथचीच फरसबंदी सलग आत यावी, आणि कडेला बसण्याजोगा ओटा असावा. बसची वाट पाहणारा माणूस उन्हापावसात तिथे येऊन टेकेल, पाठीमागे चाललेले काम मान वळवून पाहील, आणि आपण एका कला केंद्रात बसलो आहोत हे त्याला कळायच्या आत तो आलेला असेल. ओट्याची उंची ४५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. दोन्ही बाजूंनी बसता यावे असे वाटत असेल तर ओट्याची रुंदी ७५ ते ९० सेंटिमीटर लागते. वयस्क माणसांसाठी ओट्याच्या काही भागाला पाठ आणि हात टेकायला आधार हवा, कारण गुडघे दुखणारा माणूस आधाराशिवाय उठू शकत नाही आणि उठता येणार नाही तिथे तो बसतही नाही. लोक झोपतील या भीतीने ओट्यावर लोखंडी अडथळे बसवण्याचा आग्रह कोणी ना कोणी धरेलच; तो मान्य करू नका. एका माणसाला हाकलण्यासाठी केलेली सोय सगळ्यांना वाचता येते.

जोते उंच करण्याचा मोहही टाळावा. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून थोडा चढ लागतोच, पण समोर तीन पायऱ्यांचा देखणा दरवाजा आणि चाकाच्या खुर्चीसाठी बाजूने वळसा घालून जाणारा उतार, ही जोडी मला पटत नाही. तिचा अर्थ असा होतो की काही माणसे समोरून येतात आणि काहींना बाजूने बोलावले जाते. अनेक नियमावल्यांत १:१२ (बारा मीटर लांबीला एक मीटर चढ) हा कमाल उतार सांगितलेला असतो, आणि वास्तुविशारद तोच आदर्श समजून आखतात. पण स्वतःच्या हातांनी खुर्ची चालवणाऱ्या माणसाचा त्यावर दम निघतो. पडवीची लांबी वापरून १:२० चा उतार काढा. तेवढ्या उतारावर खुर्ची, बाबागाडी, मातीच्या गोण्यांची हातगाडी आणि चालणारा माणूस असे सगळे एकाच वाटेने येतात, आणि पायऱ्यांची गरजच उरत नाही. दरवाजाची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटरहून कमी नको, आत वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी, आणि दरवाजा इतका हलका हवा की हातात मूल असलेल्या माणसाला तो कोपराने ढकलता यावा.

काचेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. काच म्हणजे मोकळेपणा, असे नकाशावर वाटते. प्रत्यक्षात बाहेर लख्ख ऊन आणि आत मंद उजेड असेल तर काच दिवसभर आरशासारखी वागते. रस्त्यावरच्या माणसाला तिच्यात स्वतःचा चेहरा आणि मागची वाहने दिसतात, आतले काही दिसत नाही. पडवीच्या सावलीमुळे हा दोष बराच कमी होतो, आणि काचेलगतच्या कामाच्या टेबलांवर चांगला उजेड ठेवला तर आणखी कमी होतो. याहून चांगला उपाय म्हणजे हवा अनुकूल असेल तेव्हा सबंध उघडता येतील अशी दुमडती दारे. त्यामुळे आवाज बाहेर येतो आणि मातीचा, रंगाचा, लाकडाचा वास बाहेर येतो. माणसाला आत ओढण्यात या दोन गोष्टींचा वाटा दर्शनी भागापेक्षा मोठा असतो.

आता आराखड्यातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कलादालन खाली आणि कार्यशाळा वर, हा क्रम उलटा करा. भिंतीवर टांगलेले पूर्ण झालेले काम पाहताना न जाणणाऱ्या माणसाला आपल्या अज्ञानाची जाणीव होते. अर्धवट काम पाहताना मात्र त्याला प्रश्न पडतात, आणि ते विचारायला त्याला संकोच वाटत नाही. ‘हे कशाने चिकटवता?’ हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. मातीकाम, ठशांची छपाई, सुतारकाम, शिवणकाम ही हातांची आणि पसाऱ्याची कामे रस्त्याला लागून ठेवा. दालन मागे किंवा वर न्या, आणि ते लहान ठेवा. दालनाची एक तांत्रिक गरज समजून घेतली तर हा निर्णय सोपा होईल. जलरंग, कागद आणि कापड यांवर ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचे माप) अधिक उजेड टिकवून ठेवायचा नाही, तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स, असे संग्रहालयांत पाळतात. उलट हाताने बारीक काम करायला निदान ५०० लक्स लागतात, आणि रंगांचे काम असेल तर दिव्यांचा रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप, ९० च्या वर असावा लागतो. या दोन गरजा एका दालनात बसत नाहीत. जपून ठेवायच्या वस्तूंसाठी एक छोटी, बंद, मंद उजेडाची खोली पुरे. तिच्या शिस्तीत सगळी इमारत बांधू नका.

गोदाम पाडण्याविषयी. बांधकामाची ताकद तपासून घ्या. छप्पर ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे असेल तर ते प्रशिक्षित माणसांकडूनच उतरवून घ्या, आणि आधी तिथे रसायने साठवली जात होती का याची चौकशी करून मातीची तपासणी करा. हे सगळे ठीक निघाले तर ते गोदाम ठेवावे असे मी कळकळीने सांगेन. काटकसर हे त्याचे एक कारण झाले, पण मुख्य कारण असे की लोक त्या इमारतीला आधीपासून ओळखतात. ब्राझीलच्या साओ पावलोमधले सेस्क पाँपेया हे सांस्कृतिक केंद्र याचे मला सर्वांत भावलेले उदाहरण आहे. ती पूर्वी पिंपे बनवण्याची फॅक्टरी होती. वास्तुविशारद लिना बो बार्दी पाहणीसाठी गेल्या तेव्हा त्या रिकाम्या शेडमध्ये शनिवारी आजूबाजूची मुले, त्यांचे आईवडील आणि म्हातारी माणसे जमत होती. बो बार्दींनी शेड ठेवल्या आणि तिथे आधीच चालू असलेले ते जगणे चालू राहील अशी रचना केली. १९८२ साली केंद्र खुले झाले. मोठ्या शेडच्या जमिनीवर एक नागमोडी उथळ जलपात्र आहे आणि एक शेकोटी आहे. तिथे कोणी वाचत असते, कोणी खेळत असते, कोणी नुसते बसलेले असते. कार्यशाळांच्या भिंती छतापर्यंत नेलेल्या नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या त्या भिंतींवरून एका कामाचा आवाज दुसऱ्या कामाला ऐकू जातो.

ही छतापर्यंत न जाणारी भिंत तुमच्या गोदामात उपयोगी पडेल, पण तिच्यासोबत आवाजाचा विचार करावा लागेल. पत्र्याचे छप्पर, विटांच्या भिंती आणि काँक्रीटची जमीन असलेल्या शेडमध्ये आवाज घुमत राहतो. वीस मुले एकदम बोलू लागली की शिकवणाऱ्याचा घसा बसतो, आणि कमी ऐकू येणारी माणसे काही दिवसांत येणे थांबवतात. ती तक्रार करत नाहीत, नुसती येत नाहीत, म्हणून हा दोष कुठल्याच अहवालात दिसत नाही. छताच्या आतल्या बाजूला लाकडी तंतूंचे आवाज शोषणारे तक्ते लावण्याचा खर्च सुरुवातीलाच धरा. काटछाटीत ते पहिले जातात, आणि मग वर्षाने पुन्हा मचाण बांधावे लागते. करवत आणि रंधा यांच्यासाठी मात्र पूर्ण बंद खोली लागेल, आणि अगदी शांत अशीही एक खोली हवी, जिथे गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन थोडा वेळ बसता येईल.

उजेडासाठी शेडच्या छपरात सूर्याच्या मार्गाकडे पाठ करणारी खिडक्यांची रांग काढा: उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. तिच्यातून येणारा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही आणि टेबलांवर उन्हाचे चट्टे सहसा पडत नाहीत.

पाणी आणि धूळ यांविषयी थोडे तपशिलात लिहितो, कारण कला केंद्रे इथेच हमखास चुकतात. मातीचे हात धुतलेले पाणी साध्या सिंकमधून सोडले तर काही महिन्यांत नळी तुंबते. सिंकखाली गाळपेटी हवी, म्हणजे माती तळाशी बसेल आणि वरचे निवळ पाणी पुढे जाईल. ती पेटी एका माणसाला ओढून रिकामी करता येईल अशी असावी, आणि तो चिखल कुठे टाकायचा हेही आधी ठरवावे. सिंक खोल व लांब असावेत, आणि एक तरी इतक्या खाली की सहा वर्षांच्या मुलाला आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला नळ उघडता येईल. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुप्फुसे निकामी करते. म्हणून मातीकामाच्या खोलीत झाडू मारायचा नसतो, जमीन ओल्या फडक्याने पुसायची असते, आणि त्यासाठी जमिनीला हलका उतार व जाळीची मोरी ठेवावी लागते. भट्टी १,२०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. तिला स्वतंत्र, कुलूपबंद, हवा बाहेर फेकणारा पंखा असलेली खोली आणि वेगळी वीजजोडणी लागते. ही खोली गल्लीच्या बाजूला काढा, पण तिच्या धुराड्याचे तोंड शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे नको. शेजारी दुरावले तर पुढे कितीही कार्यक्रम केले तरी ते परत येत नाहीत.

साठवणुकीला मी एकूण क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा देतो, आणि दरवेळी तो जास्त आहे म्हणून माझ्याशी वाद घातला जातो. अर्धवट राहिलेले काम पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवायला नावाचा खण मिळाला की माणूस परत येतो. त्याची वस्तू तिथे त्याची वाट पाहत असते. हा खण नसेल तर प्रत्येक वर्ग एकाच बैठकीत संपणाऱ्या किरकोळ वस्तूंपुरता उरतो.

उरलेल्या मोकळ्या जागेत एक अंगण करा आणि ते रस्त्याच्याच पातळीला ठेवा. शहरी जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या लहान चौकांचे चित्रण करून जे दाखवले ते साधे होते: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात, आणि रस्त्यापासून फार खाली किंवा फार वर नेलेले चौक ओस पडतात. त्यांनी टिपलेली एक सवय मी प्रत्येक कामात पाहिली आहे. सुटी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती जराशी सरकवतो, बहुतेक वेळा काही कारण नसताना. जागा आपली झाल्याची ती पहिली खूण असते. म्हणून अंगणातल्या खुर्च्या जमिनीत रोवू नका. वर्षाला चार-दोन हरवतील, त्या खर्चात धरा. पिण्याचे पाणी आणि शौचालय अंगणातून थेट जाता येईल असे ठेवा. स्वागताच्या टेबलावर किल्ली मागावी लागणारे शौचालय पाहिले की माणूस मनात आपल्या थांबण्याची मुदत ठरवून टाकतो.

रचनेने दिलेला मोकळेपणा कारभार काढून घेऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे लागते. पॅरिसच्या पाँपिदू या कला केंद्राच्या आराखड्यासाठीच्या स्पर्धेत ६८१ प्रवेशिका आल्या होत्या. निवडले गेलेले वास्तुविशारद रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी जवळजवळ अर्धा भूखंड मोकळा सोडून तिथे उतरता चौक केला आणि दर्शनी बाजूला सरकते जिने लावले. १९७७ साली केंद्र उघडले तेव्हा कोणीही तिकिटाशिवाय त्या जिन्यांनी वर जाऊन शहर पाहू शकत होते. २००० सालच्या नूतनीकरणानंतर त्यासाठी तिकीट लागू लागले. इमारत तीच राहिली, पण बिनकामाच्या माणसाची वाट आखूड झाली. यासाठी संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवा की पडवी, अंगण आणि तळमजल्याचे मोठे टेबल विनामूल्य राहील. केंद्र किती वाजता उघडे असते, हादेखील रचनेचाच भाग मानावा. लोक कामावरून सुटतात तेव्हाच बंद होणारे केंद्र फक्त रिकाम्या वेळेच्या माणसांचे होते. संध्याकाळी उशिरापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशी ते उघडे राहावे, आणि किल्ल्या केवळ पगारी कर्मचाऱ्यांकडे नसाव्यात; परिसरातल्या तीन-चार विश्वासू माणसांकडेही त्या असाव्यात.

लोकांना विचारण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवे. प्रश्नावली वाटून ‘तुम्हाला कसले वर्ग हवेत?’ असे विचारले की लोक आधी कुठेतरी पाहिलेलेच सांगतात. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी भागात रहिवाशांनी ओस पडलेल्या घरांसमोर स्वतःच कुंड्या मांडल्या, भिंती रंगवल्या, रस्त्यावर बाजार भरवला; असेम्बल हा रचनाकारांचा गट तिथे गेला तो हे चालू असलेले काम पुढे न्यायला. त्या कामाला ब्रिटनमधला कलेचा नावाजलेला टर्नर पुरस्कार २०१५ साली मिळाला, आणि २०१९ साली तिथल्या दोन पडक्या घरांचे आतले मजले काढून सर्वांसाठी छताखालची बाग उघडली. तुमच्या गल्लीतही कोणीतरी कुंडी ठेवत असेल, कोणी भिंतीला टेकून मुलांना शिकवत असेल. वास्तुविशारदाला आधी त्यांच्याकडे न्या.

एक काळजी मनापासून मांडतो. केंद्र चांगले चालले तर आजूबाजूचे भाडे वाढू शकते, आणि ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांनाच तिथून निघावे लागू शकते. एकट्या केंद्राला हे थांबवता येत नाही. पण कार्यकारी मंडळात निम्म्या जागा चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्यांसाठी राखणे, नोकऱ्या आधी त्यांना देणे आणि जमीन विकता येणार नाही अशी कायदेशीर तरतूद करणे तुमच्या हातात आहे, आणि ते पहिल्याच वर्षी करता येते.

शेवटी, आराखडा मंजूर करण्याआधी तीन महिने मागून घ्या. गोदामाची साफसफाई करा, धोक्याचा भाग बंद करा, रस्त्याकडचा मोठा दरवाजा रोज संध्याकाळी उघडा, आणि आत एक नळ, चांगले दिवे, दोन लांब टेबले, वीस सुट्या खुर्च्या, माती आणि कागद एवढेच ठेवा. फलक लावू नका. एका माणसाने तिथे स्वतःचे काहीतरी करत बसावे आणि कोणालाही काय हवे ते विचारू नये. कोण कुठून आत येते, गल्लीच्या बाजूने की थांब्याच्या; टेबले कुठे ओढली जातात; मुले कुठे बसतात आणि त्यांना घ्यायला आलेली माणसे कुठे टेकतात, हे रोज एका कच्च्या नकाशावर पेन्सिलीने टिपत जा. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तो मळलेला नकाशा वास्तुविशारदासमोर ठेवा आणि मुख्य दरवाजाची जागा त्यावरून आखायला सांगा.